गाठ मऊ निघाली, मग सुई कशाला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ४४. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सात वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. तेव्हा रक्तातलं अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) खूप वाढलेलं होतं आणि डॉक्टरांनी कागदावर 'हाशिमोटो' असं लिहिलं होतं. आताचं टीएसएच २.८ आहे. मागच्या महिन्यात मानेला उजवीकडे गाठ हाताला लागली. सोनोग्राफीत '१.८ सेंमी, भरीव, हायपोएकोइक, कडा नीट, आडवी, कॅल्शियम नाही, टायरॅड्स ४' असं आलं. थायरॉइडच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती चिघळते आणि पसरते. दिरांनी चौकशी करून मला पुण्याला नेलं आणि इलास्टोग्राफी करून आणली, 'आता सुईची गरज पडत नाही' म्हणून. त्या रिपोर्टात 'इलास्टोग्राफी स्कोअर २, स्ट्रेन रेशो १.६, मऊ गाठ' असं लिहिलंय. चित्रात गाठ बरीचशी हिरवी आहे, मध्ये निळे ठिपके आहेत. मुलाने इंटरनेटवर बघितलं तर तिथे निळा म्हणजे मऊ आणि लाल म्हणजे कडक असं दिसलं. आमच्या रिपोर्टात मात्र निळ्याला कडक म्हटलंय. मग खरं काय? आणि गाठ मऊ आहे तर सुई टाळली तर चालेल का? जाऊबाई विचारतात, त्यांनीही एकदा ही तपासणी करून घ्यावी का? त्यांना काही त्रास नाही. (नाव छापू नये.)

उत्तर :

नमस्कार ताई,

सुई, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं, करून घ्या. पुण्याचा रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो जेवढं सांगू शकतो त्याहून जास्त तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून वदवून घेतलंय. मी स्वतः सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे. इलास्टोग्राफीचं बटण माझ्याही मशीनवर आहे आणि मी ते वापरते. तरीही तुमच्यासारख्या पेशंटच्या गाठीवर त्या बटणाचा शब्द मी शेवटचा मानत नाही. का, ते सांगते.

गाठ बोटांनी चाचपून बघणं ही वैद्यकातली फार जुनी रीत आहे. कडक, खिळल्यासारखी गाठ हाताला लागली की डॉक्टर सावध होतो. इलास्टोग्राफी हेच चाचपणं ध्वनिलहरींकडून करून घेते. १९९१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीत मानेवर फिरवतात त्या उपकरणाने, हलका दाब द्यायचा, दाबाआधीचं आणि नंतरचं चित्र ताडायचं आणि कोणता भाग किती चेपला ते मोजायचं. कापसाच्या उशीत सुपारी राहिली असेल तर वरून दाबल्यावर कापूस बसतो, सुपारी आहे तशीच राहते. मशीन हा फरक रंगात दाखवतं, इतकंच. थायरॉइडमध्ये याचा उपयोग का व्हावा? या ग्रंथीचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे पॅपिलरी. त्यात तंतुमय भाग आणि कॅल्शियमचे बारीक कण पुष्कळ असतात, त्यामुळे तो बहुधा कडक लागतो.

यात दोन पद्धती आहेत, आणि तुमच्या मुलाचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. तुमची झाली ती स्ट्रेन पद्धत, दाबून बघायची. दुसरी शिअर वेव्ह पद्धत. तिच्यात दाबायचं नसतं. मशीनच आतल्या आत एक झटका देतं, त्यातून आडव्या लहरी निघतात आणि त्या सेकंदाला किती मीटर पळाल्या ते मोजतं. ऊती जितकी कडक तितकी लहर वेगात जाते. त्या वेगावरून काढलेलं उत्तर किलोपास्कल या कडकपणाच्या एककात येतं. आता रंगांचं. स्ट्रेनच्या बऱ्याच मशीनवर, आणि थायरॉइडच्या सुरुवातीच्या गाजलेल्या अभ्यासांतही, निळा म्हणजे कडक, हिरवा मध्यम आणि लाल मऊ. शिअर वेव्हच्या मशीनवर नेमकं उलटं, लाल कडक आणि निळा मऊ. म्हणजे तुमच्या मुलाने वाचलं ते चूक नाही आणि तुमचा रिपोर्टही चूक नाही, दोन वेगळ्या मशीनची चित्रं शेजारी ठेवली गेली. फिल्मच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी छापलेली असते. तिच्या एका टोकाला कडक आणि दुसऱ्या टोकाला मऊ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती पट्टी बघितल्याशिवाय रंगाबद्दल बोलू नये. व्हॉट्सॲपवर कुणी नुसता चित्राचा कापलेला तुकडा पाठवला तर त्यावर मी मत देत नाही, ते याच कारणाने.

स्कोअरबद्दलही एक विचारून ठेवा : २ म्हणजे किती पैकी २? एक पट्टी चारांची आहे, दुसरी पाचांची. चारांच्या पट्टीत ३ म्हणजे बऱ्यापैकी कडक गाठ, पाचांच्या पट्टीत ३ म्हणजे कडा मऊ आणि मधला भाग कडक, अशी अधलीमधली स्थिती. तुमचा २ दोन्ही पट्ट्यांत मऊ बाजूलाच पडतो, म्हणून तुमचं काही बिघडत नाही. पण पुढे कधी ३ आला आणि 'पैकी' लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचताच येणार नाही.

तुमच्या दिरांनी ऐकलेली बातमी हवेतून आलेली नाही. २००७ मध्ये इटलीतल्या पिसा शहरातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेरी गाठ असलेले आणि ऑपरेशन होणारे ९२ पेशंट. ऑपरेशनआधी इलास्टोग्राफी केली, नंतर काढलेली गाठ तपासली. १ किंवा २ स्कोअर आलेल्या ४९ गाठींत एकही कॅन्सर नव्हता. ४ किंवा ५ आलेल्या ३० च्या ३० गाठी कॅन्सरच्या निघाल्या. मधल्या १३ मध्ये एक. असे आकडे वाचले की कुणालाही वाटेल, आता सुया कपाटात ठेवून द्याव्यात. तेव्हा आमच्या व्यवसायातही पुष्कळांना तसं वाटलं.

पण ते ९२ जण ऑपरेशनच्या उंबरठ्यावर उभे होते. त्यांच्यात जवळजवळ दर तिसऱ्याला कॅन्सर होता. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये सापडणाऱ्या गाठींत हे प्रमाण कितीतरी कमी असतं, आणि चाचणीचा खरा कस अशा मिसळ गर्दीतच लागतो. २०१२ मध्ये कोरियातून ७०३ भरीव गाठींचा अभ्यास आला. त्यात इलास्टोग्राफी साध्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीच्या मागेच राहिली. दोन्ही एकत्र वापरूनही नुसत्या सोनोग्राफीपेक्षा चांगला निकाल लागला नाही. शिअर वेव्हचीही तीच गत. २०१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या गटाने ६५ किलोपास्कल ही सीमारेषा सुचवली. नंतर कुणी ३५ च्या आसपास धरली, कुणी ८०-९० कडे. वेगळं मशीन, वेगळे पेशंट, वेगळा हात, की वेगळा आकडा. रक्तातल्या साखरेला जसा एक मान्य आकडा असतो तसा इथे अजून बसलेला नाही.

म्हणून थायरॉइडच्या तज्ज्ञ संस्थांचा सूर आजही सावधच आहे. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शनात इलास्टोग्राफीला पूरक तपासणी म्हटलंय, सोनोग्राफीची जागा तिने घेऊ नये असंही स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या अमेरिकन टायरॅड्सच्या, म्हणजे सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून गुण द्यायच्या पद्धतीच्या, तक्त्यात तर कडकपणाला रकानाच नाही.

आता तुमच्या गाठीकडे येऊ. दोन गोष्टींमुळे मी त्या 'मऊ' शब्दावर सुई रद्द करणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे कॅन्सर कडक नसतात. पॅपिलरीच्या खालोखाल आढळणारा फॉलिक्युलर कॅन्सर बऱ्याचदा मऊच असतो. पॅपिलरीचाही एक फॉलिक्युलर प्रकार असतो, तोही तसाच फसवतो. कॅन्सरमधल्या पेशी दाटीवाटीने असल्या तरी तंतुमय जाळं कमी असेल तर दाबल्यावर गाठ चेपते. म्हणजे इलास्टोग्राफी चुकते तेव्हा ती कुठेही, कशीही चुकत नाही, एका ठराविक जातीलाच सोडून देते. 'मऊ आहे, बघायची गरज नाही' असं म्हटलं की ती जात हातातून निसटते. उलट्या बाजूनेही ती फसते. जुन्या निरुपद्रवी गाठी आतून तंतुमय होतात, काहींना अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा थर येतो, आणि त्या कडक दिसतात. श्वासनलिकेच्या समोर, थायरॉइडच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्टीत असलेली गाठही कडक भासते, कारण तिच्या पाठीला कुर्चा असते, दाबून दाबून जाणार कुठे. पाण्याच्या गाठीत तर शिअर वेव्हच्या लहरी पुढे सरकतच नाहीत.

दुसरी गोष्ट फक्त तुमची आहे, आणि पुण्याच्या रिपोर्टात तिचा उल्लेख कुठेच नाही. तुम्हाला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटल्याने येणारी सूज. स्ट्रेन रेशो हा गाठीचा स्वतःचा आकडा नसतो, ती तुलना असते. गाठ सहसा शेजारच्या थायरॉइडच्या मानाने किती पट कडक आहे, एवढंच तो सांगतो. यात शेजारचा थायरॉइड निरोगी, मऊ आहे असं गृहीत धरलेलं असतं. हाशिमोटोमध्ये वर्षानुवर्षांच्या सुजेने ती ग्रंथीच चिवट आणि कडक होते. मग कडक शेजाऱ्याच्या तुलनेत कडक गाठही 'फक्त १.६ पट' दिसू शकते. तुमची गाठ तशी आहेच असं मी म्हणत नाही. पण १.६ या आकड्यावर विसंबण्याचा आधार तुमच्या बाबतीत पोकळ आहे. अशा पेशंटमध्ये काही जण मानेच्या स्नायूशी तुलना करतात. तुमच्या रिपोर्टात तुलना कशाशी केली ते लिहिलेलं नाही, हीसुद्धा माझी एक तक्रार. नुसता आकडा छापून देणं सोपं असतं, तो कसा काढला ते लिहायला दोन ओळी जास्त लागतात.

सुईचा निर्णय मुळात कुठून आला, तेही बघा. अमेरिकन टायरॅड्समध्ये गाठीला गुण मिळतात. भरीव गाठीला २, हायपोएकोइक म्हणजे बाजूच्या ग्रंथीहून काळसर दिसण्याला २. आडवी असण्याला, कडा नीट असण्याला आणि कॅल्शियमचे कण नसण्याला शून्य. तुमची बेरीज ४. चार ते सहा गुण म्हणजे चौथा गट, आणि या गटात गाठ १.५ सेंमी किंवा मोठी असेल तर सुई करावी असा नियम आहे. तुमची १.८ आहे. तुमच्या डॉक्टरांनी सुई घाबरवायला किंवा बिल वाढवायला सांगितलेली नाही, गणितानेच सांगितली आहे. हीच गाठ १.२ ची असती तर फक्त अधूनमधून सोनोग्राफी करून बघा म्हटलं असतं. आणि चौथा गट ऐकून घरात कुणी 'चौथी स्टेज' समजलं असेल तर तो समज आजच काढून टाका. त्याचा कॅन्सरच्या स्टेजशी काहीही संबंध नाही. अमेरिकेत ३,४२२ गाठींवर ही गुणपद्धत ताडून बघितली तेव्हा चौथ्या गटातल्या ९.१ टक्के गाठी कॅन्सरच्या निघाल्या. शंभरातल्या नव्वद-एक्याण्णव निरुपद्रवी. तुम्ही कुठल्या बाजूला असण्याची शक्यता जास्त आहे, ते दिसतंच आहे.

मग ही तपासणी कुठेच उपयोगाची नाही का? आहे. एकाच ग्रंथीत पाच-सहा गाठी असतात आणि सुई कुठे लावायची हा प्रश्न पडतो, तेव्हा दिसायला सारख्या गाठींतली जास्त कडक गाठ मी आधी निवडते. दोनदा सुई करूनही पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत, सोनोग्राफीत भीतीदायक काही नाही आणि गाठ मऊ आहे, तर थांबून बघायला मला थोडं बळ मिळतं. आणि सोनोग्राफीत साधी वाटलेली गाठ खणखणीत कडक निघाली तर मी ती पुन्हा नीट बघते. हाताच्या सवयीचाही यात मोठा भाग असतो. दाब किती द्यायचा याचं माप स्क्रीनवर दिसतं, पण हात थोडा जड पडला की मऊ गाठही कडक दिसायला लागते. शेजारच्या मोठ्या धमनीचे ठोके गाठीला हलवतात, पेशंटने मध्येच आवंढा गिळला तरी चित्र बिघडतं. पुण्याच्या डॉक्टरांनी हे सगळं सांभाळलंही असेल. तरी एकाच चित्रावर मदार ठेवायची नाही, तीन-चार वेळा तोच निकाल येतो का ते बघायचं असतं.

आता सासूबाईंची भीती. तिची टर उडवू नका. गावोगाव ही समजूत आहे आणि तिच्यामागे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असतं. शेजारच्या कुणाला गाठ होती, सुई लावली, महिनाभरात ऑपरेशन झालं, पुढे माणूस गेला. सुईनंतर घडलं म्हणून सुईमुळे घडलं, असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण कॅन्सर सुईच्या आधीच तिथे होता, सुईने तो फक्त ओळखला. थायरॉइडच्या बारीक सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचे प्रकार इतके विरळ आहेत की ते एकेकट्या पेशंटच्या नोंदी म्हणून वैद्यकीय मासिकांत छापले जातात. जगभर रोज होणाऱ्या सुयांच्या मानाने ते नगण्य. सासूबाईंना जमलं तर सोबत घेऊन जा. सुई बघितली की निम्मी भीती जाते. ती रक्त काढायच्या नेहमीच्या सुईहून सहसा बारीकच असते.

ती होते कशी, तेही सांगते. तुम्हाला उताणं झोपवून खांद्याखाली उशी देतात, मान थोडी मागे जाते. सोनोग्राफीच्या प्रोबने गाठ स्क्रीनवर आणतात आणि सुईचं टोक गाठीत गेलेलं डोळ्यांनी बघतच पेशी घेतात. 'सोनोग्राफीखालीच कराल ना?' एवढं आधी विचारून घ्या, नुसत्या हाताच्या अंदाजाने नको. दोन ते चार वेळा टोचतात, दर वेळी काही सेकंदच. त्या सेकंदांत बोलायचं नाही आणि गिळायचं नाही. नंतर पाच-दहा मिनिटं कापसाने दाबून धरायचं. एखादा निळसर डाग, दोन दिवस थोडं दुखणं, एवढंच बहुतेकांना होतं. उपाशी राहायची गरज सहसा नसते. रक्त पातळ करणारी गोळी, अगदी रोजची ॲस्पिरिनसुद्धा, चालू असेल तर ती आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

आणि एक गोष्ट न विसरता करा : पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या फॉर्मवर 'हाशिमोटो, अँटी-टीपीओ वाढलेलं' असं लिहून घ्या. हाशिमोटोच्या सुजेत काही पेशी फुगून विचित्र दिसतात. ही माहिती नसेल तर तपासणारा उगाच संशयाचा शेरा मारू शकतो, मग पुन्हा सुई आणि पुन्हा महिनाभराची धाकधूक. फॉर्मवरची एक ओळ हे वाचवते. बहुतेक फॉर्म अर्धे कोरेच येतात, हे मी पेशी बघणाऱ्या मित्रमंडळींकडून नेहमी ऐकते.

पेशींचा रिपोर्ट बेथेस्डा नावाच्या गट पाडायच्या पद्धतीने येईल, एक ते सहा. इथेही मोठा आकडा म्हणजे जास्त काळजी, पण एक म्हणजे सर्वांत चांगलं असं नाही. एकचा अर्थ पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत, सुई पुन्हा. दोन आला तर घरी जाऊन गोडधोड करा. गाठ निरुपद्रवी आहे, कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुमची सोनोग्राफी बघता साधारण वर्षभराने पुन्हा एक सोनोग्राफी पुरेल. तीन म्हणजे नक्की सांगता येत नाही. तिथे पुन्हा सुई, किंवा मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जनुकांची तपासणी, असे पर्याय असतात. तुमच्या पुण्याच्या चित्राला थोडंफार वजन मिळालंच तर इथेच, तेही तुमच्या डॉक्टरांच्या निर्णयाने. चार म्हणजे फॉलिक्युलर गाठीचा संशय. ही मात्र सुईची मर्यादा आहे, आणि सुईची बाजू घेताना मी ती लपवणार नाही. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे पेशी बघून ठरत नाही. तिने आपलं आवरण फोडलंय का ते बघावं लागतं, आणि ते गाठ काढल्यावरच कळतं. पाच-सहा आले तर सर्जनकडे जायचं. तेव्हाही, गाठ ग्रंथीतच असेल आणि मानेत काही पसरलेलं नसेल तर या आकाराला पुष्कळदा अर्धाच थायरॉइड काढून भागतं. पॅपिलरी कॅन्सर झालेले बहुसंख्य लोक त्या कॅन्सरने मरत नाहीत. इतक्या लवकर एवढं सांगायला नको होतं खरं, पण पाच-सहा ऐकल्यावर लोक पुढचं ऐकतच नाहीत, म्हणून आधीच लिहिते.

तुम्ही पाठवलेल्या सोनोग्राफीच्या मजकुरात मला एक ओळ सापडली नाही, ती म्हणजे मानेच्या बाजूच्या लिम्फ नोड्सबद्दलची, म्हणजे लसिकाग्रंथींबद्दलची. बघितले नसतील असं नाही, लिहायचं राहिलं असेल. सुईच्या दिवशी त्याच डॉक्टरांना दोन्ही बाजूंचे नोड्स बघून तशी नोंद करायला सांगा. रंगीत चित्राहून ही एक ओळ तुमच्या कामाची आहे. आवाज बसला, गिळताना अडायला लागलं, गाठ आठवड्यागणिक वाढते आहे असं वाटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. तसंच लहानपणी मानेला रेडिएशन दिलं होतं का, घरात रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नसेल तर तुम्ही सांगा.

राहता राहिल्या जाऊबाई. त्रास नाही, गाठ हाताला लागत नाही, घराण्यात काही नाही, तर त्यांनी इलास्टोग्राफी तर सोडाच, मानेची साधी सोनोग्राफीही हौस म्हणून करू नये. बारकाईने शोधलं तर मोठ्या माणसांतल्या निम्म्याअधिक लोकांच्या थायरॉइडमध्ये काही ना काही गाठ सापडेल. दक्षिण कोरियात बाकीच्या कॅन्सरच्या तपासण्यांबरोबर मानेची सोनोग्राफीही स्वस्तात सर्रास व्हायला लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांनी थायरॉइड काढून घेतला, जन्मभराच्या गोळ्या लावून घेतल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या गाठीने त्यांना कधीच त्रास दिला नसता. जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासून एक सेंमीपर्यंतचे कमी धोक्याचे पॅपिलरी कॅन्सर ऑपरेशन न करता नुसते नजरेखाली ठेवले. दहा वर्षांत तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढलेले निघाले जेमतेम आठ टक्के. जाऊबाईंना हे वाचून दाखवा. त्यांना टीएसएच करायचं असेल, थकवा असेल, पाळीचं काही असेल, तर ते वेगळं. त्यासाठी साधी रक्ततपासणी आहे.

तुमच्या गाठीला मात्र हा 'नका शोधू' वाला सल्ला लागू नाही. ती शोधून झाली आहे, हाताला लागते आहे आणि आकाराने नियमाच्या रेषेपलीकडे आहे.

दिरांवर रागावू नका. वहिनीला टोचणं टळावं म्हणून त्यांनी पुण्याची खेप केली. पुण्याची फिल्म आणि जमलं तर सीडी सुईच्या दिवशी सोबत न्या. सुई लावणाऱ्या डॉक्टरांना गाठीतल्या त्या निळ्या ठिपक्यांची जागा दाखवा, पेशी तिथूनही घेता येतील. थायरॉइडची गोळी त्या दिवशीही सकाळी नेहमीसारखीच, उपाशीपोटी घ्या.